हिरवं, पिवळं, लाल कार्ड अन् पुढच्या मॅचची बंदी : शाळेच्या खेळातली शिक्षा नेमकी चालते कशी

तालुका लेव्हलच्या शालेय कबड्डीत सगळ्यात जास्त राडा कशावरून होतो माहीत आहे का, बोनसवरून. रेडरचा एक पाय बोनस लाइनच्या पलीकडे टेकला पाहिजे, मागचा पाय हवेत पाहिजे अन् समोर कमीत कमी सहा जण उभे पाहिजेत, तेव्हा कुठे एक पॉइंट. आता हे सगळं एका क्षणात होतं, खाली फुपाटा नाहीतर चिखल, चुन्याची लाइन पहिल्याच मॅचमध्ये पुसलेली, मग पोट्टं म्हणतं पाय लागला अन् पंच म्हणतो नाही लागला. "काहून नाही देत सर बोनस, सगळ्यायनं पाहिलं ना!" इथपर्यंत ठीक. त्याच्यापुढे पोट्टं माती उडवते, समोरच्या टीमच्या कोणाला तरी धक्का देते, दोरीबाहेरचे गावातले भाऊ लोक आत येतात, अन् मॅच थांबते.

आता इथून पुढे आपल्याकडे दोनच गोष्टी होताना दिसतात. एकतर पंच "जाऊ द्या बाप्पा" म्हणून सोडून देतो, कारण त्यालाही संध्याकाळची एसटी पकडून घरी जायचं आहे. नाहीतर एकदम टोक, अख्खी टीम बाद, अन् वरून कोणीतरी माइकवर जाहीर करतं की पुढच्या वर्षी या शाळेची एंट्रीच घ्यायची नाही. पुढच्या वर्षी तीच शाळा त्याच ग्राउंडवर असते हे सगळ्यांना माहीत असतं, जाहीर करणाऱ्यालाही. पण या दोघांच्या मधे नियमात एक पूर्ण पायऱ्यांची सिस्टिम लिहिलेली आहे, ती पोट्ट्यांना, पालकांना अन् खरं सांगायचं तर बऱ्याच टीमसोबत आलेल्या सरांनाही धड माहीत नसते, म्हणून हा लेख.

कबड्डीपासूनच सुरू करू, कारण आपल्या भागात तोच खेळ घराघरात आहे. (अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डी दाखवली होती, म्हणजे खेळ शिकवायचा तर आपण जगाला शिकवला, नियम पाळायचं मागे राहिलं.) कबड्डीत तीन कार्डं आहेत. हिरवं म्हणजे ताकीद, खेळाडू आत राहतो. हिरवं दोनदा मिळालं की त्यापुढची चूक थेट पिवळ्यावर जाते. पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पिवळंही दोनदा झालं की त्यापुढे थेट लाल. लाल म्हणजे त्या मॅचमधून बाहेर, अन् प्रकरण मोठं असेल तर स्पर्धेतूनही बाहेर करता येतं. हे फक्त खेळाडूला नाही बरं का, कोच अन् मॅनेजरलाही तीच कार्डं लागू. अन् पायरीने पायरीनेच जायचं असंही काही नाही, कोणी सरळ गुद्दा हाणला तर पंच हिरव्यापासून सुरुवात करत बसणार नाही.

दोन मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण सब-ज्युनियर, म्हणजे लहान गटातल्या मुलांच्या अन् मुलींच्या कबड्डीत हाफच पंधरा मिनिटांचा असतो, अन् एक रेड तीस सेकंदांची, म्हणजे दोन मिनिटांत कमीत कमी चार रेड होऊन जातात. तेवढा वेळ तुमची टीम सातऐवजी सहावर. आता विचार करा, बाहेर बसलेलं पोट्टं जर टीमचा मेन रेडर असेल तर त्या चारपैकी तुमच्या वाट्याच्या दोन रेड दुसऱ्याच कोणाला तरी टाकाव्या लागतात, तो आधीच घाबरलेला असतो, तो पकडला गेला की पाच, समोरचा रेडर येऊन एक मारून गेला की चार, अन् तिथून लोण, म्हणजे अख्खी टीम बाद होणं, फार लांब नसतो. लोण बसला की समोरच्यांना दोन पॉइंट वरून जास्तीचे. म्हणजे ज्या एका बोनससाठी भांडला त्याच्या तीन-चारपट पॉइंट दोन मिनिटांत गेले. हे गणित पोट्ट्यांना जमिनीवर काडीने आखून दाखवलं ना तर ते लेक्चरपेक्षा जास्त समजतं, मी पाहिलंय, चौथी रेड मोजेपर्यंत सगळे गप्प होतात.

व्हॉलीबॉलचं वेगळंच आहे, तिथे कार्डं दोनच पण अर्थ चार, अन् गावच्या टुर्नामेंटमध्ये यावरून कायम गोंधळ. नुसतं पिवळं म्हणजे ताकीद. नुसतं लाल म्हणजे समोरच्यांना एक पॉइंट अन् सर्व्हिस, खेळाडू मात्र आतच राहतो. लाल पाहिलं की लोकं ओरडतात "चल निघ बाहेर", अन् तसं नसतं. लाल-पिवळं दोन्ही एकाच हातात एकत्र धरून दाखवलं तर तो सेट संपेपर्यंत बाहेर, अन् एका हातात लाल, दुसऱ्या हातात पिवळं असं वेगवेगळं दाखवलं तर अख्ख्या मॅचमधून बाहेर. उद्धट वागला, शिवीगाळ केली, अंगावर गेला, अशी जशी चूक वाढते तशी शिक्षा वाढत जाते.

क्रिकेटमध्ये तर लोकांना वाटतं की बाहेर काढायची सोयच नाही, कारण टीव्हीवर कोणी बाहेर जाताना दिसत नाही. टीव्हीवरच्या मॅचला आयसीसीचा वेगळा कायदा आहे, तिथे दंड अन् डिमेरिट पॉइंट (खेळाडूच्या नावावर जमा होणारे वाईट मार्क). पण खेळाचे मूळ नियम जे एमसीसी (लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) लिहिते, त्यात ऑक्टोबर २०१७ पासून ४२ वा नियम खेळाडूच्या वागणुकीचा आहे अन् त्यात चार लेव्हल आहेत. अंपायरच्या निर्णयावर हातवारे करून नाराजी दाखवणं, अश्लील हावभाव करणं, या खालच्या लेव्हलच्या गोष्टी, पहिल्यांदा ताकीद, परत केलं की समोरच्यांना पाच रन. दुसऱ्या लेव्हलला सरळ पाच रन. तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे अंपायरला दमदाटी केली किंवा दुसऱ्या खेळाडूला मारायची धमकी दिली तर पाच रन अन् खेळाडू काही ओव्हर बाहेर, लिमिटेड ओव्हरच्या मॅचमध्ये एका डावाच्या एक पंचमांश. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये चार, आपल्या टेनिस बॉलच्या दहा ओव्हरच्या मॅचमध्ये हिशेब लावला तर दोन. त्याच्या जागी सब्स्टिट्यूट उभा करता येत नाही. चौथ्या लेव्हलला हाणामारी किंवा अंपायरला मारायची धमकी, मग उरलेली मॅच बाहेरूनच पाहायची.

फुटबॉलचं बहुतेकांना माहीत असतं, दोन पिवळे म्हणजे एक लाल, अन् लाल म्हणजे टीम दहावर. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे २०१७ पासून शाळा, युवा अन् गावपातळीच्या फुटबॉलमध्ये थोड्या वेळासाठी बाहेर बसवायची मुभा आहे, एकूण खेळाच्या वेळेच्या दहा ते पंधरा टक्के. अन् २०१९ पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं, त्यातही मजा अशी की बेंचवरून कोणीतरी शिवी दिली अन् नेमकी कोणी दिली ते कळलं नाही तर तिथे हजर असलेल्या सगळ्यात सीनियर कोचला कार्ड. म्हणजे "मी नाही बोललो सर" हे चालतच नाही.

आता मुद्दा येतो मॅच संपल्यानंतरचा, अन् खरी कडक शिक्षा तिथे सुरू होते. कार्ड हे त्या मॅचपुरतं असतं, पण फिफाच्या शिस्तीच्या नियमात लाल कार्ड मिळालं की पुढची मॅच आपोआप बंद, कोणी मीटिंग घ्यायची गरज नाही. रेफरीला मारलं तर कमीत कमी पंधरा मॅच किंवा योग्य वाटेल तेवढा काळ. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये लुईस सुआरेझ इटलीच्या खेळाडूला चावला तेव्हा त्याला नऊ आंतरराष्ट्रीय मॅच अन् वरून चार महिने सगळ्याच फुटबॉलमधून बाहेर बसवलं होतं, तेही तो उरुग्वेचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर असताना. त्याच्याशिवाय उरुग्वे पुढच्याच मॅचमध्ये कोलंबियाकडून हरून घरी गेलं.

शाळेच्या खेळात ही आपोआप बंदीची पद्धत सगळ्यात जास्त पक्की दिसते ती अमेरिकेत. तिकडे हायस्कूलचा खेळ म्हणजे आपल्याकडची पोळ्याची गर्दी समजा, अख्खं गाव शुक्रवारी रात्री शाळेच्या ग्राउंडवर. प्रत्येक राज्याची स्वतःची शालेय खेळ संघटना आहे, पन्नास राज्यं अन् वॉशिंग्टन शहर मिळून एकावन्न, त्या सगळ्यांच्या वर एक राष्ट्रीय फेडरेशन जी खेळाचे नियम लिहिते. त्यांच्या फुटबॉलमध्ये (तो हेल्मेट घालून खेळतात तो) एका खेळाडूच्या नावावर अखिलाडू वागण्याचे दोन फाउल लागले की तो बाहेर. अन् बाहेर गेला की बंदी किती, ते राज्याच्या पुस्तकात आधीच छापलेलं असतं. ओहायो राज्याचं उदाहरण घ्या. तिथे मॅचमधून हाकललेला विद्यार्थी त्या दिवशी परत कुठलीच मॅच खेळत नाही, अन् त्यानंतर त्या खेळातल्या पुढच्या दोन मॅच होईपर्यंत बाहेर, फुटबॉल असेल तर एक, कारण फुटबॉलची मॅच आठवड्याला एकच असते. यात हेडमास्तरांची मर्जी नाही, आमदाराचा फोन नाही, "गरीब घरचं पोरगं आहे हो" नाही. बऱ्याच राज्यांत पंचाच्या निर्णयावर अपीलसुद्धा करता येत नाही. परत खेळायच्या आधी खिलाडूवृत्तीचा एक छोटा ऑनलाइन कोर्स पूर्ण करा असंही बऱ्याच ठिकाणी सांगतात, तो फेडरेशनने फुकट ठेवलाय.

अन् त्याहून पुढचं टोकही आहे. डिसेंबर २०२० मध्ये टेक्सासमधल्या एडिनबर्ग हायस्कूलच्या मॅचमध्ये एका खेळाडूला रेफरीने बाहेर काढलं, तो बाजूला गेला अन् तिथून पळत येऊन त्याने रेफरीला आडवं केलं. टीम ती मॅच जिंकली होती, पुढे प्लेऑफ (सीझनच्या शेवटच्या बाद फेरीच्या मॅच) होते, पण तिथल्या शाळा प्रशासनाने स्वतःहून अख्खी टीम प्लेऑफमधून काढून घेतली. बरोबर केलं की चूक यावर तिकडे लय वाद झाला, कारण बाकीच्या पोरांनी काय केलं होतं? मला विचाराल तर पोरांवर अन्याय झाला, पण पंचावर हात पडला की शाळा कोणाच्या बाजूने उभी राहते हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं, हेही तितकंच खरं.

एवढं कडक कशासाठी? तर पंच मिळत नाहीयेत म्हणून. त्या राष्ट्रीय फेडरेशनने स्वतः सांगितलंय की २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात जवळपास पन्नास हजार पंचांनी शाळेच्या मॅच सोडल्या. कोरोना हे एक कारण होतंच, पण शिव्या अन् दमदाटी हे मोठं कारण, अन् त्यात पोरांपेक्षा पालकांचा वाटा जास्त. पंच नाही म्हणजे मॅच नाही, सरळ हिशेब. आपल्याकडे तालुक्याच्या मॅचला पंच म्हणजे बहुतेक दुसऱ्याच शाळेचे पीटीचे सर असतात, नाहीतर जुना खेळलेला कोणीतरी पोरगा, थोडाफार भत्ता, जेवणाचा डबा घरून. त्याला आज शिव्या पडल्या की पुढच्या वर्षी तो म्हणतो माझी सोयाबीन सवंगायची आहे, मला जमत नाही. मग जो उरतो तो पंच होतो, अन् मग बोनसवरून आणखी भांडणं.

अन् कडक म्हणजे मोठी शिक्षा असा जो आपला समज आहे ना, तो बाजूला ठेवा. रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावतो आपण, त्याचा झटका जीव घ्यायला नसतो, छोटाच असतो, पण तार लागली की दरवेळी बसतो, रात्री दोनला पण बसतो, म्हणून डुक्कर ती तार ओळखतं. शाळेच्या खेळात पुढची एक मॅच बंद ही शिक्षा तशीच आहे, छोटी, आधी ठरलेली, अन् स्टार रेडर असो की बाराव्या नंबरचा, सगळ्यांना सारखी. "तीन वर्षं बंदी घालू" हे नुसतं तोंडाने म्हणणं कोणीच मनावर घेत नाही, कारण तीन वर्षांची बंदी आजपर्यंत पूर्ण झालेली कोणी पाहिलेली नाही.

यात एक अडचण मात्र आहे अन् ती आपल्याच सिस्टिमची आहे, अमेरिकेतलं जसंच्या तसं इथे आणलं तर फसेल. त्यांच्याकडे लीगसारख्या मॅच असतात, हरलं तरी पुढच्या आठवड्यात मॅच आहेच. आपल्या शालेय स्पर्धा नॉकआउट. तालुका, मग जिल्हा, मग विभाग (आपल्याकडे नागपूर नाहीतर अमरावती), मग राज्य, अन् वयोगट चौदा, सतरा, एकोणीस. आता लाल कार्ड मिळालं अन् टीम ती मॅच हरली, तर पुढची मॅच कोणती? पुढच्या वर्षीची. तोपर्यंत पोट्टं दहावी पास होऊन तालुक्याच्या कॉलेजला गेलेलं असतं, नाहीतर वयोगटातून बाहेर. म्हणजे जो हरला तो शिक्षेतून सुटला. अन् उलट, टीम जिंकली तर त्या एका मॅचच्या बंदीची किंमत भलतीच मोठी, कारण जिल्ह्याची एक मॅच म्हणजे कदाचित दहावीचे क्रीडागुण, अन् पुढे राज्यापर्यंत गेलं तर ज्या सर्टिफिकेटवर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा असते ते सर्टिफिकेट. सारख्याच धक्क्याची एकाला शून्य शिक्षा अन् एकाला आयुष्यभराची हळहळ. बऱ्याच अमेरिकन राज्यांत उरलेली बंदी पुढच्या सीझनला चिकटते, आपल्याकडे निदान शाळेच्या पातळीवर तरी ते करता येतं, कबड्डीत लाल मिळालं तर महिन्याभराने शाळेच्या व्हॉलीबॉल टीममध्ये पहिल्या मॅचला नाव नाही. खेळ वेगळा असला तरी पोरगं तेच आहे ना.

दुसरी गोष्ट, पंचाला नेहमी दुसरा दिसतो. कबड्डीत चेनमध्ये (बचाव करणारे हात धरून उभे असतात तेव्हा) कोणीतरी हळूच कोपर मारतं, कानात आईवरून शिवी देतं, तिकडे कोणाचं लक्ष नसतं, अन् मग समोरचं पोट्टं भडकून उघड हात उचलतं अन् लाल त्याला मिळतं. नियमाच्या हिशेबाने बरोबर, पण त्याला सारखं वाटत राहतं की मलाच का. यावर कुठल्याच देशाकडे पक्कं उत्तर नाही. जातीवरून शिवी दिली असेल तर तो मुद्दा मात्र खेळाच्या कार्डात संपत नाही, तिथे शाळेने अन् आयोजकांनी लगेच लेखी घ्यायला पाहिजे, "ग्राउंडवरची गोष्ट ग्राउंडवर" हे त्याला लागू नाही.

काही जुने सर म्हणतील, एवढ्या कार्डांच्या भानगडी कशाला, आमच्या वेळी दोन कानाखाली दिल्या की पोरगं सरळ व्हायचं. तर सर, आता ते कायद्यात बसत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारणं अन् मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलंय. अन् ज्याने भर ग्राउंडवर हात उचलला म्हणून त्याला भर ग्राउंडवर हात उचलूनच शिकवायचं, हे गणित मला कधीच कळलं नाही. शिवाय खेळातून सस्पेंड म्हणजे शाळेतून काढलं असा अर्थ घेऊन बरेच पालक घाबरून शाळेत येतात, तसं नसतं, वर्ग, परीक्षा, स्कॉलरशिप, कशालाच धक्का नाही, फक्त मॅच नाही.

पालकांचा अन् कोचचा विषय निघालाच आहे तर, बाहेरच्या लोकांना कार्ड दाखवता येत नाही, पण मॅच थांबवता येते. दोरीच्या आत कोणी आलं की पंचाने घड्याळ बंद करायचं, माणूस बाहेर जाईपर्यंत सुरू नाही करायचं, भांडत बसायचं नाही. लोकांनाच मॅच पाहायची असते, तेच त्या भाऊला ओढून बाहेर नेतात. कोच आत पळत आला तर मात्र कार्ड काढायलाच पाहिजे, कारण पोट्टी पंचाकडे नाही, सरांकडे बघून ठरवतात किती ओरडायचं ते.

तर शाळेत करायचं काय? तालुक्याच्या मॅच साधारण पावसाळ्यात सुरू होतात, त्याच्या आधी एका कागदावर तीन-चार ओळी लिहायच्या : पिवळं मिळालं तर काय, लाल मिळालं तर किती मॅच, पंचाला हात लावला तर अख्खं वर्ष बाहेर, उरलेली बंदी पुढच्या खेळात. खाली खेळाडूची सही, पालकाची सही किंवा अंगठा, पीटीच्या सरांची सही. हो, सरांची पण, कारण कार्ड त्यांनाही मिळू शकतं. ज्याच्यावर बंदी आहे त्याला घरी नाही बसवायचं, टीमसोबत न्यायचं, साध्या कपड्यात, पाण्याच्या बाटल्या अन् स्कोअरची वही त्याच्याकडे द्यायची. अन् हे सगळं टीम निवडायच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर नाही, कारण एकदा का यादीत सरपंचाच्या पुतण्याचं नाव आलं की मग त्या कागदावर सही करायला कोणी मिळत नाही.